एक फोन, तीन पोरं आणि फुकटातला अभ्यास

प्रश्न असा आला आहे: "बाई, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. मालक यंत्रमागावर आहेत, मी घरी शिवणकाम करते. थोरली बारावी सायन्सला, मधला आठवीत, धाकटी दुसरीत. नेट असलेला फोन घरात एकच. क्लासच्या फिया ऐकून डोळे पांढरे होतात. नेटवर फुकट शिकता येतं म्हणतात, पण उघडलं की हजार गोष्टी दिसतात. नेमकं काय धरावं? आणि मलाही काही शिकता येईल का? माझी शाळा नववीनंतर सुटली."

ताई, आधी फोनचं बोलू, ॲपचं मागाहून. एक फोन आणि तीन पोरं म्हणजे तुमच्या हातात दिवसाचे फार तर अडीच तास आहेत. मालक पाळीवरून आले की फोन त्यांना लागणार, मधे ब्लाउज झाला का म्हणून गिऱ्हाइकांचे फोन येणार. तेव्हा थोरलीला सव्वा तास, मधल्याला पाऊण तास, धाकटीला अर्धा तास, असं कागदावर लिहून भिंतीला लावा. वेळ संपली की फोन पुढच्याच्या हातात, मग व्हिडिओ अर्धा राहिला तरी चालेल. नळाला पाणी यायच्या दिवशी मात्र सगळ्यांना सुट्टी. पाण्याच्या दिवशी सोलापुरात अभ्यास होत नाही, एवढं तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवून मला कळलं आहे.

निवृत्त झाल्यावर गेली अकरा वर्षं मी संध्याकाळी एक खोली चालवते. सहा जुने संगणक, एक वायफाय आणि यंत्रमाग, शिलाई, विडीकामातल्या घरांची पोरं. सुरुवातीला मीही तुमच्यासारखीच हजार गोष्टींत हरवले. सत्तर वेबसाइटींची यादी केली, छापली, भिंतीवर डकवली. दोन महिन्यांनी पाहिलं तर पोरं यादीसमोर उभी राहून ती वाचायची आणि जाऊन कार्टून लावायची. यादी फाडली. तेव्हापासून एकच पद्धत ठेवली आहे: एका पोराला एका वेळी एकच ठिकाण आणि त्याच्यासोबत एक दोनशे पानी वही. वहीत काही उतरलं नसेल तर तो व्हिडिओ पाहिलाच नाही असं मी धरते. पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत.

आता एकेकाचं बघू.

धाकटीपासून सुरू करते, कारण तिथे फुकटात सगळ्यात चांगलं मिळतं आणि लोक नेमकं तिथेच दुर्लक्ष करतात. दुसरीच्या मुलीला ॲपवरचा अभ्यास नको, गोष्टी हव्यात. प्रथम बुक्स या संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' नावाचं संकेतस्थळ आहे, २०१५ पासून चालू आहे. चित्रांची पुस्तकं, चार पायऱ्यांत लावलेली. पहिल्या पायरीला पानावर एखाददुसरं वाक्य, चौथीला लांब गोष्ट. सगळी फुकट, उतरवून ठेवता येतात, छापलीत तरी कुणी बोलत नाही, कारण परवानाच तसा खुला आहे.

आपल्या गावासाठी त्यात एक वेगळीच सोय आहे. एकच गोष्ट मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशी अनेक भाषांत सापडते. पूर्व भागात किती घरांत पोर शाळेत मराठी आणि घरात तेलुगू बोलतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्या खोलीत तिसरीतली एक मुलगी होती, मराठी वाचताना अडखळायची आणि अडखळली की गप्पच व्हायची. तिची आजी तिला न्यायला यायची आणि दाराशी बसून राहायची. एके दिवशी मी तीच गोष्ट तेलुगूत उघडून आजीसमोर धरली. आजीला अक्षर येत नव्हतं, पण थोरल्या नातवाला तेलुगू वाचता येत होतं. तो वाचायला लागला, आजी प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायला लागली आणि मधेच म्हणाली, असं नाही, आमच्या गावाकडे या झाडाला वेगळं म्हणतात. मग मुलीनं तेच पान मराठीतून वाचलं. पुढे काय होणार ते आता तिला ठाऊक होतं, त्यामुळे अडखळली तरी थांबली नाही. त्या महिन्यात तिनं अकरा गोष्टी संपवल्या. तुमच्या घरात दुसरी भाषा असेल तर ती अडचण समजू नका, वापरा.

धाकटीनं रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचायची, तुम्ही मशीनवर बसल्या बसल्या ऐकायची. पायडल थांबवायचं कारण नाही. चुकली तर लगेच टोकू नका, वाक्य पुरं होऊ द्या. गूगलचं 'रीड अलाँग' म्हणून एक ॲप आहे, त्यात पोर वाचतं आणि फोन ऐकतो. त्यातही मराठी आहे. पण घरात ऐकणारी आई असताना मला ते दुय्यम वाटतं.

मधल्याच्या आणि थोरलीच्या आधी पाठ्यपुस्तकांचं सांगून टाकते. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पुस्तक फाटलं, हरवलं, भावाचं जुनं आहे, अशा सगळ्या वेळी कामाला येतं. पुस्तकात जे चौकोनी क्यूआर कोड छापलेले असतात ते केंद्र सरकारच्या 'दीक्षा' ॲपनं उघडतात. दीक्षा २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालायची कल्पना आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी राबवली होती. त्यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटून टाकली, हे तुम्ही ऐकलं असेलच. खरं सांगायचं तर दीक्षावरचे सगळेच व्हिडिओ काही चांगले नाहीत. काही इतके कंटाळवाणे आहेत की मलाच झोप येते. पण धडा आणि व्हिडिओ यांची गाठ पक्की असते, पोर भरकटत नाही आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं.

आठवीचा मुलगा. या वयातली पोरं ऐकून शिकत नाहीत, मोडून शिकतात. घरातला रेडिओ मोडण्यापेक्षा त्याला 'फेट' द्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. विज्ञान-गणिताचे प्रयोग पडद्यावर हातानं करून बघायचे. बऱ्याच प्रयोगांची मराठी भाषांतरं झालेली आहेत. ॲप शोधत बसू नका, फोनच्या ब्राउझरमध्येच उघडतं, तिथे फुकट आहे.

आठवीला धाराविद्युत आहे ना, त्यासाठी यातला विद्युत परिपथ जोडायचा प्रयोग लावा. बॅटरी, वायर, बल्ब, कळ असं सगळं बाजूला असतं, बोटानं ओढून जोडायचं. परिपथ पुरा झाला की वायरीतून निळे ठिपके सरकायला लागतात आणि बल्ब उजळतो. आमच्याकडच्या एका पोरानं पहिल्याच दिवशी बल्ब काढून टाकला आणि बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या वायरीनं जोडली. पडद्यावर बॅटरीतून ज्वाळा निघाल्या. "बाई, पेटलं की!" म्हणून ओरडला, सगळी खोली त्याच्याभोवती. मी काही सांगितलं नाही, फक्त विचारलं की बल्ब असताना का नाही पेटलं. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "म्हणून आमच्या कारखान्यातली एमसीबी पडते व्हय." वहीत काय लिहिलं तर: वाटेत अडवणारं कुणी नव्हतं म्हणून सगळी वीज पळत सुटली. लघुपरिपथाची यापेक्षा बरी व्याख्या मला तेहतीस वर्षांत सुचली नव्हती. दुसऱ्या दिवशी दोन बल्ब एकसरीत जोडून मंद का झाले आणि समांतर जोडून झगझगीत का झाले, हे त्याचं त्यानंच शोधलं.

तुमच्या मुलाला हेच करायला लावा, पण आधी त्याच्याकडून वहीत अंदाज लिहून घ्या: काय होईल असं वाटतं? मग करून बघायचं. अंदाज न लिहिता केलेला प्रयोग म्हणजे नुसता खेळ.

खेळच हवा असेल तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर काडेपेटी, स्ट्रॉ, सायकलची ट्यूब, जुनी वर्तमानपत्रं यांतून करायची खेळणी आहेत, मराठी व्हिडिओंसकट. पुस्तकांचा तर तिथे डोंगर आहे. आठवड्यातून एक खेळणं, रविवारी. तुमच्याकडे चिंध्या आणि रिकामी रिळं आयतीच आहेत.

गणिताला 'खान अकॅडमी'. सलमान खान गणित शिकवतो म्हटलं की पोरं हसतात, पण हा अमेरिकेतला सलमान खान, नात्यातल्या भावंडांना फोनवर शिकवता शिकवता २००८ मध्ये त्यानं ही ना-नफा संस्था काढली. भाषा मराठी निवडता येते. इथे लोक एक चूक हमखास करतात. मूल आठवीत म्हणून आठवीपासून सुरू करतात. तसं करू नका. गुपचूप सहावीपासून लावा. आठवीत बीजगणित अडलेल्या दहा पोरांतल्या सात-आठांचा अपूर्णांक कच्चा असतो, हा माझा अनुभव. पोर म्हणेल हे मला येतंय. येतंय ना, मग दहा गणितं सोडव म्हणावं. सुटली तर अर्ध्या तासात पुढे जाईल, नाही सुटली तर दुखणं कुठे आहे ते सापडलं. व्हिडिओपेक्षा तिथला सराव महत्त्वाचा. चुकलं की पायरी पायरीनं कुठे चुकलं ते दाखवतं आणि हे शंभर वेळा दाखवलं तरी वैतागत नाही, जे माझ्याच्यानं होत नसे.

थोरलीचं जरा जपून. बारावीला फुकट सामग्री इतकी आहे की मुलं शिकण्याऐवजी सामग्रीच जमवत बसतात. आधी तिला विचारा, परीक्षा कोणती? फक्त सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेशपरीक्षा द्यायची असेल तर राज्य मंडळाचं पुस्तकच पहिलं. अकरावीच्या अभ्यासक्रमावर साधारण २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमावर ८० टक्के प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे कुठलाच प्रश्न सोडून यायचा नाही. मेडिकलची 'नीट' परीक्षा द्यायची असेल तर केंद्राची एनसीईआरटीची पुस्तकं पाठ हवीत. ती त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट आहेत. तिथे मात्र बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलं तर एक वजा, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. दोन्ही परीक्षांचा स्वभाव वेगळा, म्हणून तयारीही वेगळी. जेईई-नीटसाठी आयआयटी कानपूरनं चालवलेलं 'साथी' फुकट आहे, व्हिडिओ आणि सराव परीक्षांसकट. प्रॅक्टिकलसाठी 'ओलॅब्ज' बघा, प्रयोगशाळेतले प्रयोग पडद्यावर करून बघायचं संकेतस्थळ. कॉलेजातल्या प्रयोगशाळेत वीस पोरांत एक उपकरण असतं आणि तिच्या वाट्याला नुसतं बघणं येतं, त्याची थोडी भरपाई होते.

यूट्यूबवर ती जाणारच, अडवू नका. फक्त एका विषयाला एकच शिक्षक ठरवायला सांगा. तीन जणांकडून तीच प्रकाशविद्युत परिणामाची घटना ऐकली की समजल्यासारखं वाटतं, येत मात्र नाही. गणित फळ्यावर मांडलं गेलं की व्हिडिओ थांबवायचा, वहीत स्वतः सोडवायचं, मग पुढे चालवायचा. तासाभराच्या व्हिडिओला अशानं दीड तास लागतो. लागू दे. सव्वा तासात बसत नसेल तर उरलेलं उद्या. दीडपट वेगानं पाहणारी पोरं माझ्याकडे खूप येतात, पेपर मात्र एकपट वेगानंच सोडवतात. आणि आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन आजच बंद करा.

पुढे डिग्रीला गेल्यावर तिला 'स्वयम्' आणि 'एनपीटेल' लागेल, कॉलेजच्या विषयांचे ऑनलाइन कोर्स. एनपीटेल आयआयटी आणि बंगळूरूच्या आयआयएस्सीनं २००३ मध्ये सुरू केलं, स्वयम् २०१७ मध्ये आलं. शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी. आत्ता त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता तुमचं. दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. त्याला फी आहे, पण अभ्यासाची पुस्तकं बालभारतीची तीच, फुकट. मधला दोन वर्षांनी दहावीला येईल. तुम्ही त्याच्याबरोबर बसलात तर एकाच पुस्तकावर दोघांचं भागेल. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आमच्या खोलीतल्या एका आईनं असंच केलं आणि इतिहासात लेकापेक्षा चार मार्क जास्त घेतले. लेक आठवडाभर तिच्याशी नीट बोलत नव्हता.

संगणक शिकायचा असेल तर आयआयटी मुंबईचं 'स्पोकन ट्युटोरियल' धरा. दहा-दहा मिनिटांचे धडे, त्यातले बरेच मराठीत बोललेले. पडद्याच्या अर्ध्या भागात व्हिडिओ, अर्ध्यात ते सॉफ्टवेअर. तो एक पायरी करतो, थांबवायचं, आपण तीच पायरी करायची. हे कोर्स असे एकट्यानं शिकायलाच बनवलेले आहेत. त्यात 'लिबर ऑफिस'मधलं हिशेबाचे तक्ते करायचं 'कॅल्क' शिकलात की शिवणाचा हिशेब त्यात ठेवता येईल: कुणाचं माप कधी घेतलं, ॲडव्हान्स किती आला, बाकी किती. यासाठी संगणक लागेल, फोनवर जमत नाही.

इंग्रजी ऐकण्यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिश, कुठलीही शंका आली तर मराठी विश्वकोश. हे दोन्ही घरातल्या सगळ्यांसाठी.

आता ज्याला फुकट म्हणतात पण फुकट नसतं त्याचं. माझ्या भाच्याच्या घरी मी चहाला बसले होते. पंधरा दिवस मोफत म्हणून एक ॲप घेतलं होतं, त्यांच्याकडून एक टापटीप पोरगा घरी आला. त्यानं पाचवीतल्या मुलीला आईबापांसमोर एक प्रश्न विचारला, मुद्दाम तिच्या इयत्तेबाहेरचा. तिला आला नाही. मग आईकडे बघून म्हणाला, बघा, पाया कच्चा आहे. आईचा चेहरा पडला. दहा मिनिटांत भाच्याच्या फोनवर ओटीपी आला, त्यानं तो वाचून दाखवला आणि कर्ज झालं. महिन्याला हप्ता. मी गणिताची बाई समोर बसलेली असून तो प्रश्न सातवीचा आहे हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला, याचं मला अजून वाईट वाटतं. मुलीनं ते ॲप दीड महिना वापरलं, हप्ते पुढे दीड वर्ष गेले. तेव्हापासून आमच्या खोलीत सगळ्यांना बजावलेलं आहे: कार्डाचा नंबर किंवा पैशाचा ओटीपी मागितला की ते फुकट नाही. कुणी घरी येऊन मुलाची परीक्षा घेतो म्हणालं तर दारातूनच नमस्कार करायचा. वर सांगितलेल्यांपैकी शिकण्यासाठी कुणीही कार्ड मागत नाही. खान अकॅडमी देणगी मागते, ती द्यायलाच हवी असं नाही.

राहिला नेटचा खर्च. सेटिंगमध्ये व्हिडिओची क्वालिटी ३६० वर ठेवली तर तासाला साधारण पाव ते अर्धा जीबी जातो. ७२० किंवा १०८० वर गेलात तर रोजचा दीड जीबी जेवायच्या आधी संपेल. फळ्यावरचं गणित ३६० वर व्यवस्थित दिसतं. दिवसाचा उरलेला डेटा रात्री बारानंतर वाया जातो, तेव्हा झोपण्याआधी दीक्षाचे धडे आणि गोष्टींची पुस्तकं उतरवून ठेवायची. हे काम थोरलीकडे द्या. टीव्हीला डीडी फ्री डिश असेल तर पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या महिन्याला एक पैसा न देता दिसतात. छत्री बसवायचा खर्च एकदाच. मालिकेच्या वेळी त्या लागणार नाहीत, हे मलाही कळतं.

आणि घरात एखादा जुना फोन पडून असेल ना, काच तडकलेला, सिम नसलेला? तो फेकू नका, बोहारणीला तर मुळीच देऊ नका. उतरवलेल्या गोष्टी आणि धडे दुसऱ्या फोनवरून त्यात टाकता येतात आणि नेट नसल्यामुळे त्यावर रील्सही येत नाहीत. धाकटीचा अर्धा तास तिकडे गेला की थोरलीला पावणेदोन तास मिळाले. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र चार्जिंगला लावू नका, आधी बदलून घ्या. फोन चालू होत असेल तर चार्जरसकट घेऊन या, आमच्या वायफायवर पुस्तकं भरून देते. पण सोमवारी नको, सोमवारी आमच्या गल्लीत पाणी असतं.